रुपयाच्या बटणाचा मॅक

लॅपटॉपच्या पडद्यावर एक वर्तुळ आणि त्यात तिरकी रेघ होती. केदारने तो माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "काका, नव्वद टक्के काम झालंय."

माझ्याकडे बहुतेक नव्वद टक्के झालेलीच कामं येतात. हॉस्पिटलच्या आयटीतून निवृत्त झाल्यावर मी लंडनच्या हाउन्सलोत कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान काढलं. केदार सोल्यूशन आर्किटेक्ट आहे. तसं त्याने सांगितलं, मग कार्डही दिलं. तो नेमकं काय करतो, ते दोन्हींतून कळलं नाही.

सोबत त्याची बायको गौतमी होती. डिपेंडंट व्हिसावर आली, मुलगी झाली, चार वर्षं नोकरीविना घरातच गेली. आता बेसिंगस्टोकच्या एका कंपनीने तिला दुसऱ्या इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. स्वतः लिहिलेलं आयफोनचं ॲप तिथे उघडायचं आणि ते सांगतील तो बदल त्यांच्यासमोर करून दाखवायचा. हे काम फक्त मॅकवर होतं. ज्या मैत्रिणीचा मॅक ती वापरायची, ती लीड्सला राहायला गेली होती. इंटरव्ह्यू गुरुवारी. आज मंगळवार.

"मी म्हणत होते सेकंडहँड मॅक घेऊ," गौतमी म्हणाली. "हा म्हणाला, घरातल्या लॅपटॉपवर दोन तासांत मॅकची सिस्टिम बसवतो. रविवारी म्हणाला."

मी आधीच सांगून टाकलं, की परक्या, म्हणजे ॲपलच्या नसलेल्या, लॅपटॉपवर ही सिस्टिम बसवणं तिच्या परवान्यात बसत नाही, आणि दुकान असलं काम घेत नाही. कुठे अडलंय तेवढं सांगेन, हात तुमचे.

"माझे," म्हणत गौतमीने खुर्ची ओढली.

मॅक सुरू होताना एरवी लोगोशिवाय काही दाखवत नाही. पण व्हर्बोज मोड लावला, की आत काय चाललंय ते ओळीओळीने दिसतं. गौतमीने तो लावला. शेकडो ओळी सरसर गेल्या आणि मग एकच ओळ पुन्हा पुन्हा येऊ लागली. तिचा अर्थ असा, की ज्या डिस्कवरून मी सुरू होतोय ती मला सापडत नाही. ती डिस्क म्हणजे बाजूला खोचलेला पेनड्राइव्ह. सुरुवात त्याच्यावरूनच झाली होती आणि अर्ध्या वाटेत तोच दिसेनासा झाला होता.

"पेनड्राइव्ह खराब असणार," केदार म्हणाला.

"तिसरा आहे हा," गौतमी म्हणाली.

परक्या लॅपटॉपवर मॅक चालवायचा तर पेनड्राइव्हवर एक खास फोल्डर लागतो. तू अस्सल मॅकवरच आहेस, अशी सिस्टिमची समजूत तो घालतो. कुठला यूएसबी पोर्ट आत कुठे जोडलाय, त्याचा नकाशाही त्यातच असतो.

"हा फोल्डर कोणी बनवला?"

"निलेशचा आहे. माझा मित्र. सेम मॉडेल, काका. त्याच्याकडे एकदम स्मूथ चालतंय."

"निलेशने लॅपटॉप कुठे घेतला?"

"इथेच."

मी कीबोर्डकडे बोट दाखवलं. इथल्या लॅपटॉपवर तीनच्या बटणावर पाउंड असतो. याच्या चारच्या बटणावर रुपया होता.

"भाऊजी पुण्याहून घेऊन आले होते," गौतमी म्हणाली.

मॉडेलचं नाव एकच, आतला बोर्ड वेगळा. नकाशा निलेशच्या घराचा आणि सिस्टिम त्यावरून शोधत होती केदारचं घर.

"इंजिनिअरिंग पुण्यातच ना?" मी केदारला विचारलं. "जीटी मारायचास?"

तो पहिल्यांदाच मोकळा हसला. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि पेन्सिल फिरवायची. आमची आख्खी पिढी अशी इंजिनिअर झाली. मीही.

गौतमीने प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह खोचून, काढून, वहीत टिपून नवा नकाशा बनवला. दीड तास गेला. तेवढ्या वेळात केदारने दोनदा चहा केला, तो चांगला झाला. मग सिस्टिम सुरू झाली, बसली. ॲप लिहायचं सॉफ्टवेअर उतरवायला गौतमीने आपला आयडी टाकला. तो नाकारला गेला. पुन्हा टाकला, पुन्हा नाकारला. तिने वही मिटली.

प्रत्येक मॅकला सिरियल नंबर असतो. परक्या लॅपटॉपला तो त्या फोल्डरमध्ये लिहून द्यावा लागतो, आणि तो दुसऱ्या कुणाचा निघाला तर आयडी अडू शकतो. मी केदारला म्हटलं, "निलेशला फोन लाव. त्याचा सिरियल नंबर वाचायला सांग."

स्पीकरवर निलेश वाचू लागला. गौतमी पडद्यावरच्या आपल्या नंबराकडे बघत होती. शेवटची चार अक्षरं तिनेच त्याच्या आधी म्हटली.

"तुला कसं माहीत?" निलेशने विचारलं.

"तुझा रोल नंबर उतरवलाय याने."

"अरे, तो बदलायचा असतो," निलेश म्हणाला. "मीही विसरलो होतो. ज्याचा घेतला, त्याने शिव्या घातल्या."

गौतमीने नवा नंबर घातला. आयडी चालला. ती पर्स उचलून निघाली. लॅपटॉप केदारने उचलला.

गुरुवारचा इंटरव्ह्यू झाला. पुढच्या महिन्यात ती कामावर रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी कंपनीने तिला मॅक दिला. रुपयाच्या बटणाचा लॅपटॉप आता मुलीकडे आहे, तिच्या चित्रांसाठी.

केदारने आमच्या मराठी ग्रुपवर 'माझा अनुभव' म्हणून चाळीस पायऱ्यांची गाइड टाकली, सोबत आपला फोल्डरही. त्याखाली गौतमीची एकच ओळ होती: "पायरी शून्य. वरचा रोल नंबर खोडून आपला लिहा."

आतापर्यंत अकरा जणांनी फोल्डर उतरवून घेतलाय. मी दुकानात चहाचं सामान भरून ठेवलंय.