सिस्टरांच्या दारावरचं पत्रक

ज्यातला शब्दन् शब्द तुम्हाला पटतो, असा कागद तुम्ही कधी कोणाच्या दारावरून काढलाय का?

मी पत्रकांवरच वाढले. आमच्या बौद्ध घरात बाप मैद्याची खळ शिजवायचा आणि मी बादली धरायची. त्याचा नियम एकच होता. "कचेरीच्या भिंतीले लाव, चौकात लाव, कोनाच्या घराले लावू नको." काहून, असं विचारलं तर म्हणायचा, "भिंत सरकारची असते, माय. दारामागं मानूस झोपते."

गाझावरचं पत्रक मी लिहिलं. तिथली मेलेली मुलं फोनवर पाहून पाहून रडू येणं बंद झालं होतं. तरी लिहिताना काळजी घेतली. आमचा विरोध इस्रायलच्या सरकारला आणि दुसऱ्याची जमीन बळकावणाऱ्या झायनवाद या राजकीय विचाराला आहे, ज्यू माणसांना नाही. आपण ब्राह्मण्याशी भांडतो, ब्राह्मणाशी नाही, हे घरात पाठच होतं. त्याच धर्तीवर वाक्य बसलं. आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावच्या चौकात सभा झाली, पत्रकं वाटली, घरी आले.

सकाळी तेच पत्रक सिस्टरांच्या दारावर होतं.

सिस्टर म्हणजे आमच्या गल्लीतल्या निवृत्त नर्स. कोकणातल्या बेने इस्रायल, मराठी ज्यू. नोकरीसाठी इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, मीही. त्यांच्या चौकटीवर प्रार्थनेची एक छोटी डबी आहे. कागद तिच्यावरूनच चिकटवला होता.

लावणारे आमच्याच सभेतले होते. त्यांच्यातला एक चहाच्या टपरीवर भेटला.

"तिनं एक डाव म्हनावं ना, मी इस्रायलच्या विरोधात हाय. मंग काढतो कागद."

"तुह्या मुसलमान दोस्ताले लोक पाकिस्तानचं विचारतात, तवा तू काहून भांडतं?"

"ते येगळं हाय."

"काहून येगळं?"

तो चहा फुंकत राहिला.

मी ओलं फडकं घेऊन गेले. खळ वाळली होती. सिस्टर चष्मा लावून दारातच वाचत उभ्या होत्या.

"तूच लिहिलंस ना? भाषा चांगली आहे."

मी ओलं फडकं कागदाच्या कडेला दाबलं.

"सगळं पटत नाही मला. तू ज्याला नुसता विचार म्हणतेस, तिथं, इस्रायलात, माझ्या बहिणीचं घर आहे. पण तू हातात आणून दिलं असतंस, तर बसून भांडलो असतो." डबीवरची खळ त्या नखानं खरवडत होत्या. "दारावर लावल्यावर कोणाशी भांडू? भाची ठाण्याला तिच्या घरी राहायला बोलावून राह्यली. आजवर नको म्हणत होते."

मला राग यायला हवा होता. आला नाही. लाजही वाटली नाही. फडकं पिळत राहिले, दार पुसत राहिले. त्या पत्रकातलं एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही. राज्याला विरोध आणि माणसाचा द्वेष यांतला फरक खरा आहे. पण तो कागदावर लिहिला म्हणजे पाळला गेला, असं मी समजून बसले होते.

सिस्टरांनी अजून ठरवलेलं नाही. संध्याकाळी ओट्यावर मात्र बसत नाहीत.

तुमच्या गावात असा कागद कोणाच्या घरावर दिसला, तर पाणी आणि फडकं घेऊन जा. मजकूर पटत असेल, तर इतरांच्या आधी जा. खळ ओली आहे तोवरच कागद अख्खा निघतो.