त्रेसष्ट कोंबड्या

बहात्तर साली भात पोटरीत येता येता पाऊस निघून गेला. आंदर मावळातल्या बारा घरांच्या एका वाडीत लोणावळ्याच्या कुठल्याशा मंडळानं धान्यपेढी काढली. पेढी म्हणजे सावित्राबाईच्या पडवीत रचलेली लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, अकरा पोती. सावित्राबाई एकटी राहायची, वाडीत कुणाशी तिचं भांडण नव्हतं, म्हणून माप तिच्या हाती आलं. नियम एकच. ज्याला भूक असेल त्यानं यावं, तसं सांगावं आणि अधोलीचं एक माप भरून न्यावं.

आठ दिवस कुणी आलं नाही. भूक होती, घराघरांत मुक्कामाला होती. पण 'माझ्या घरात दाणा नाही' हे त्या वाडीत आजवर कुणी बोललेलं नव्हतं. ते तोंड कुठं करून बोलायचं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

नवव्या दिवशी बारकूआबा आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून, डोंगराकडं बघत म्हणाले, "सावित्रे, कोंबड्या लय वरडत्यात गं."

सावित्राबाईनं अधोली भरली. "न्या आबा. मुका जीव. उपाशी कशापायी ठिवायचा?"

दिवस मावळायच्या आत बाकीच्या अकराही घरच्या कोंबड्या उपाशी निघाल्या. कान्हूकडं सात होत्या. कान्हूच्या घरात माणसंही सातच. वाडीत खऱ्या कोंबड्या होत्या एकूण चार.

महिन्यानं मंडळानं चौकशी केली. सावित्राबाई खोटं बोलत नसे. जे कानावर आलं होतं तेच तिनं कळवलं: माणूस एकही नाही, कोंबड्या त्रेसष्ट.

मंडळाचे तपासनीस सीतारामपंत टाकव्यापासून चालत आले, घामाघूम. "माणसांचं धान्य कोंबड्यांना? उद्या बैल आणून सगळी पोती परत नेतो. पण आधी त्या त्रेसष्ट मला दाखवा."

कोंबड्या नाहीत म्हणावं, तर साऱ्या वाडीची अब्रू जाते. सावित्राबाई त्यांना घेऊन निघाली. पंत पुढच्या दारानं एका घरातून बाहेर पडत, तोवर त्याच चार कोंबड्या मागच्या दारानं, कुणाच्या तरी पदराखाली, पुढच्या घरी पोचत. सातव्या घरी फाटक्या तुऱ्याचा कोंबडा पंतांकडं बघून आरवला.

"हा मला ओळखायला लागलाय," पंत म्हणाले.

"समदे भाऊभाऊ हायेत, सायेब," कान्हू म्हणाला. "येका आंड्यातले."

पंत हसले नाहीत. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ते पडवीत येऊन पोत्याला टेकले. सगळी वाडी अंगणात जमली.

सावित्राबाईनं विचारलं, "भूक लागलीया का सायेब?"

"छे, छे. तसं काही नाही."

"मग कसं करायचं? घरचं आसतं तर इचारलं नसतं. हितं दाना हाय त्यो पेढीचा. सांगितल्याबिगर देता येत न्हाई. नियम तुमचाच हाय."

पंतांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग ते हळूहळू डोंगराकडं वळले.

"माझ्याकडंही आहेत," ते म्हणाले. "दोन."

"वरडत्यात?"

"फार."

सावित्राबाईनं माप भरलं, दळलं, भाकरी थापली. पंतांनी दोन भाकऱ्या मिठाशी खाल्ल्या, मान वर न करता. मग त्यांचं लक्ष तिच्या चुलीशेजारच्या गाडग्याकडं गेलं. गाडग्यात उकडलेले रानकंद होते, दुसरं काही नव्हतं. महिनाभर ती दुसऱ्यांना माप भरून देत होती. तिला स्वतःला जाऊन सांगायला पेढीवर कुणी नव्हतं.

पंतांनी अधोली उचलली. "आणि तुमच्याकडं किती, सावित्राबाई?"

ती पदराचं टोक पिळत राहिली.

"येक हाय," अंगणातून बारकूआबा म्हणाले. "लय गुनाची. वरडत न्हाई."

पंतांनी माप शिगोशीग भरलं आणि तिच्या पदरात ओतलं. पोत्याचं तोंड त्यांनी पुन्हा बांधलं नाही. उद्याच्या बैलांचं नावही काढलं नाही, काठी घेतली आणि एकटेच टाकव्याच्या वाटेला लागले.