दादाने टाकलेला स्लॅब

माझा थोरला भाऊ गेल्या वर्षी काविळीने गेला. इंदापुरात भाड्याच्या शेडमध्ये त्याचं लेथ मशीन होतं. ट्रॅक्टरचे झिजलेले भाग तो त्यावर नव्याने बनवून द्यायचा. शेडच्या मालकाने जागा परत मागितली, तेव्हा आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "मशीन वरकुट्याला घरी आणू. पडवीत ठिवू."

घरात दुसरीकडे तेवढी जागा नव्हतीच. पण पडवीखाली पाण्याचा हौद, आणि पडवीची जमीन म्हणजे त्या हौदावरचा स्लॅब. मी बारामतीत बांधकामाची इंजिनिअर. टनाहून जड मशीन त्यावर पेलेल का, हे बघायला आबांनी मलाच बोलावलं. तो स्लॅब दादाने मित्रांना हाताशी धरून स्वतः टाकला होता.

आईने हौद रिकामा करून ठेवला होता. बॅटरी घेऊन मी खाली उतरले आणि वर उजेड टाकला. ओलीने सळया गंजून फुगल्या होत्या. काँक्रीटचे पापुद्रे सुटले होते. हातोडीने ठोकत गेले. कडेला आवाज खणखणीत, मध्यावर सगळा बद्द. निकाल कळला होता, तरी मी कितीतरी वेळ ठोकतच राहिले. कुठेतरी बरा आवाज येईल म्हणून.

"काय गं, पेलंल का?" आबांनी वरून विचारलं.

"न्हाय पेलणार, आबा."

"म्हंजी त्याचं काम कच्चं व्हतं?"

"काम चांगलं हाय. पण त्यानं ते माणसांनी बसाउठायला केलंय, मशीनसाठी न्हाय. आन आता सळया गंजल्यात. हे फोडून, हौद बुजवून भरीव पाया करता यील."

"ह्याला घण लावायचा न्हाय," आबा म्हणाले.

मग शिडी धरून ते स्वतःच खाली आले. हात उंचावून स्लॅबच्या पोटावरून तळवा फिरवत राहिले. गंजाची भुकटी त्यांच्या कपाळावर पडत होती.

"मशीन दारात असतं तर त्याच्याकडं येणारी माणसं आपल्याकडं आली असती," ते म्हणाले. "आता कोण येतंय?"

आणि ते रडायला लागले. रिकाम्या हौदात तो आवाज घुमला. वरून आई विचारत होती, "काय झालं? बोला की कुणीतरी."

मशीन बारामतीतल्या दादाच्या मित्राने नेलं. इंदापूरच्या शेडमध्ये क्रेन यायच्या आधी आबांनी ते तेलाच्या फडक्यानं पुसून काढलं, मित्राला म्हणाले, "पट्टा लई ताणू नगंस. त्यो सैलच ठेवायचा."

परतीच्या वाटेवर आबा माझ्या शेजारी गाडीत बसले होते. गावाच्या फाट्यावर त्यांनी हळूच विचारलं, "थोडे दिस तरी पेललं नसतं का गं?"

मी इंजिनिअर आहे; उत्तर मला ठाऊक होतं. मी गाडी गावाकडे वळवली.