घराण्याचं पिवळं

आमच्या घरात डोळे पिवळट असण्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. वडिलांचे होते, दादाचे होते, माझे आहेत, आणि पुढे दादाच्या लेकीचेही तसेच. ताप आला किंवा जेवण चुकलं की जरा जास्तच दिसायचे. शाळेत दादाला सगळे ‘हळद्या’ म्हणत. तो रंगारी झाला तेव्हा चिडवायला आणखी एक निमित्त मिळालं.

तरुणपणी ठेकेदाराने डोळे बघून त्याला दारुडा ठरवलं आणि कामावरून काढलं. दारूचा थेंबही न घेणारा माणूस तो! मी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. यकृताची तपासणी झाली. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळं द्रव्य, थोडं वाढलेलं, बाकी सगळं ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, “हे जन्मजात आहे, आईवडिलांकडून आलेलं. याने काही बिघडत नाही, औषधही नको.” दादाने ते बोलणं जन्मभर जपलं. कुणी विचारलं की हसायचा, “जमीनजुमला नाही मिळाला हो, हे मिळालं.”

तिथेच घात झाला. गेल्या वर्षी त्याच्या अंगाला खाज सुटली. लघवी काळ्या चहासारखी. पँट कमरेवर ठरेना. मी म्हटलं, “दादा, एकदा तपासून घे.” तर म्हणे, “तुझं आपलं काहीतरीच. आधी आरशात स्वतःचे डोळे बघ.” असा संताप आला मला. भिंतीवरचा रंग जरासा उतरलेला लांबून कळणारा माणूस, आणि स्वतःच्या बाबतीत ढिम्म. शेवटी शिडीवर चक्कर आली, तेव्हा दवाखाना गाठला.

या वेळी तपासणीत सगळंच वाढलेलं होतं. पित्ताच्या नळीत गाठ निघाली. “लवकर आला असतात तर काढता आली असती,” डॉक्टर म्हणाले. दादाला तिथेच दाखल करून घेतलं.

लेक त्याच्या उशाशी बसून होती. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही, आणि डोळे पिवळेधमक. दादाचं लक्ष गेलं आणि तो चरकला.

“हिचं रक्त तपासा.”

“बाबा, हे आपलं घराण्याचंच आहे. उपाशी आहे ना, म्हणून वाढलंय.”

“मीही हेच म्हणत होतो,” तो म्हणाला. “माझ्यासारखं करू नकोस, पोरी.”

तिने रक्त देईपर्यंत त्याने स्वतःला सुई लावू दिली नाही. नर्स वैतागली. मला मात्र रडू आवरेना.

संध्याकाळी रिपोर्ट आला. नेहमीचंच, काळजीचं काही नाही. त्याने मला तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, “आता हिला वाढ. इथे, माझ्यासमोर.”

तो जाईपर्यंत रोज हेच चाललं. त्याच्या स्वतःच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं, आणि ती समोर बसून जेवायची. घास गिळवत नसला तरी ताटात काही ठेवायची नाही. तो बघत असायचा ना.