क्ष कुठे येतो?

खरं सांगते, आणि हसू येतंय तर हसतच सांगते: मला ती बाई आधी चिठ्ठ्या टाकून भविष्य सांगणारी वाटली होती. दार अर्धं उघडं, फरशीभर कागदाचे तुकडे आणि मध्ये ही गुडघ्यांवर बसून पुटपुटतेय, "सत्ता... सीमा... स्मशान." मी लग्न रखडलेल्या भाचीचा प्रश्न तयार करूनच आत गेले. तर म्हणाली, "पाय सांभाळा, 'भ'वर उभ्या आहात."

सूची करायची ती. जाड पुस्तकाच्या शेवटी असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, ती. वीस वर्षं तिच्याकडे एकाच कुळीची पुस्तकं यायची. राज्य म्हणजे काय, जागा कोणाची, माणूस 'असतो' म्हणजे नक्की करतो काय. जगात या विषयांवर नवीन काय लिहिलं जातंय ते प्राध्यापकांच्या आधी हिला ठाऊक, फक्त सगळं अकारविल्हे. बोलणंही तसलंच. साखर कुठंय विचारलं की "साखर: पहा, डबा, निळा." म्हणून धाकट्या दिरानं तिला नाव ठेवलं पहाबाई, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

हा दीर पाण्याच्या पंपांचा मिस्त्री. सडाफटिंग, तोंडानं तिखट. भाऊ गेल्यापासून दर बुधवारी दुपारी वहिनीकडे जेवायचा आणि घासागणिक थट्टा करायचा. "वहिनी, मीठ! पहा: विसरलं."

यंदा तिच्याकडे भूगोलाच्या एका प्राध्यापिकेचं पुस्तक आलं. पंपघरामागची वस्ती पाडली, पण पाडायच्या वर्षभर आधी ती सरकारी नकाशावरून पुसली होती, त्याबद्दल. नकाशावर लिहिलं होतं 'मोकळी जागा'. आता मोकळ्या जागेतून कोणाला हटवलं, असं कसं म्हणणार? पण वस्ती उभी असताना एका माणसानं दारन् दार दाखवणारा नकाशा हातानं काढला होता, आणि तो अजून त्याच्याकडे होता, वस्ती होती याचा तेवढाच पुरावा. प्राध्यापिकेनं जपून त्याचं नाव लपवलं. 'क्ष' म्हटलं.

पहाबाईनं नेहमीसारखी क्षची चिठ्ठी केली. पान एकतीस, पंप दुरुस्त करतो. अठ्ठ्याऐंशी, डाव्या हाताला करंगळी नाही. एकशे चाळीस, राग आला की शीळ घालतो. चारशे पानांत विखुरलेला माणूस त्या एवढ्याशा चिठ्ठीवर गोळा होत होता. दोनशे तीनवर तिचा हात थांबला. दर बुधवारी भावजयीकडे जेवतो.

गेली तीन वर्षं ती हेच तर वाचत होती, की सत्तेला आता भिंती लागत नाहीत, यादी पुरते. मान डोलावत पेन्सिलीनं खुणासुद्धा केल्या होत्या. आता यादी तिच्या हातात होती, तिच्याच वळणदार अक्षरात.

तेवढ्यात प्रकाशकाचा फोन. "सूचीचा खर्डा एकांना हवाय. उद्या घरी येतील."

"पुस्तक नको?"

"नको म्हणाले. चारशे पानं कोण वाचत बसतंय? नुसती सूची. क्ष कोण ते विचारत होते."

"कोण हे?"

प्रकाशक उगाच खोकला. "सभ्य आहेत."

उद्या बुधवार. दिराला कळवावं तर पंपघरात त्याचा फोन कधी लागतच नाही. तिनं क्षची ओळ खर्ड्यातून काढली, चिठ्ठीची घडी घालून स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली, आणि रात्रभर कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी दीर ताटावर बसला आणि घंटी वाजली. "हलू नकोस. शीळ घालू नकोस," एवढंच म्हणून तिनं मधलं दार ओढलं.

पाहुणा खरंच सभ्य. न सांगता बूट काढले, भिंतीला समांतर लावून ठेवले. खर्डा घेतला आणि सरळ शेवटचं पान उघडलं. "हद्द, हवा, हातनकाशा..." बोट थांबलं. "क्ष नाही?"

"क्ष तिथे कसा असेल?"

तेवढ्यात आत टेबल कुरकुरलं. त्यानं मान वळवली. "कोणी आहे?"

"दीर. जेवतोय." खोटं काही बोलली नाही हं ती.

"बघू तरी," म्हणत तो उठला. दाराकडे दोन पावलं टाकली.

"ओ साहेब, क्ष शेवटी नसतो," ती मोठ्यानं म्हणाली. "लहानपणी कोणी शिकवलं तुम्हाला?"

पाऊल थबकलं. पुरुषमाणसाला सगळं सोसवतं, पहिलीतलं चुकलं म्हटलेलं सोसवत नाही. "ळ, क्ष, ज्ञ. पोरंसोरंसुद्धा सांगतील."

"पोरंसोरंच सांगतील! क अधिक ष. जोडाक्षर आहे ते. 'क'मध्ये जातं."

तो परत येऊन बसला. 'क'ची पानं चाळली. "क्षमता, क्षितिज, क्षेत्र. माणूस कुठंय?"

"ही विषयसूची. माणूस विषय नसतो."

त्यानं खर्डा मिटला. "तरी क्ष शेवटीच," तो म्हणाला.

तिनं बसल्या जागेवरून हात लांबवून फडताळातला कोश ओढला आणि पान काढून त्याच्या नाकासमोर धरलं. 'क'च्या पोटात, ठसठशीत, क्ष. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. क्ष शेवटी देणारा दुसरा कोशही घरात होता. खुर्ची ठेंगणी पडते म्हणून ती रोज त्याच्यावर बसते, आणि आत्ताही बसलीच होती. काय उठते आता!

बूट घालताना तो म्हणाला, "पुस्तक छापून आलं की मी सगळं वाचणार आहे. पानन् पान."

दोनशे तीनवं पान तिच्या डोळ्यांपुढे आलं, पण आवाज हलला नाही. "वाचा की. पण आधी बोला, क्ष कुठे?"

"'क'मध्ये," तो म्हणाला. "बरोबर आहे बाई तुमचं. 'क'मध्ये."