कान्हेरीला देवी नाही

कान्हेरीच्या देवीची ओटी भरून आले, असं मी एकदा अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं होतं. हिरवा खण, नारळ, तांदूळ, सगळं तपशीलवार. देवीच्या नाकात नथ आहे, हेसुद्धा. कान्हेरीला देवी नाही. तिथे बौद्ध लेणी आहेत, आणि मी ती पाहिलीच नव्हती.

ही बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. परळची चाळ सोडून आम्ही मीरा रोडला, शांती नगरात नुकतेच राहायला आलो होतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात एका रविवारी प्रवेश फुकट आहे, असं ह्यांनी पेपरात वाचलं. मी पहाटे उठून पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली, चटई गुंडाळली आणि ठेवणीतली साडी नेसले. जंगलात जायला ठेवणीतली साडी! बिबट्या काय काठ बघून पसंत करणार होता? पण तेव्हाची ती बाई तशीच होती. तिला कुठेही न्या, ती लग्नाला निघाल्यासारखी निघायची.

गेटातून आत शिरलो आणि पहिली हिरवळ दिसली तिथे मी चटई अंथरली.

हे म्हणाले, "अगं, पुढे तरी जाऊ. वर लेणी आहेत म्हणे."

"फुकट आहे ते इथपर्यंतच असणार," मी म्हटलं. "पुढे गेलं की मागतील पैसे. आणि पुढे काय वेगळं आहे? झाडं ना? ही बघा झाडं."

हे बिचारे बसले. आम्ही पुऱ्या खाल्ल्या, मी तोंडावर पदर घेऊन मस्त झोप काढली आणि संध्याकाळी जंगल पाहून झालं म्हणून घरी आलो.

जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. त्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्या साध्या विचारण्यातही तोंडी परीक्षा असायची. "पार्कात गेला होतात ना? कान्हेरी पाहिलीत का?"

आता नाही कसं म्हणायचं? कान्हेरी म्हणजे लेणी, एवढं कळलं. लेणी मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, कार्ल्याची, लग्नानंतर एकवीरेला गेलो होतो तेव्हा. तिथे लेणी आणि देवी अगदी शेजारी शेजारी. म्हणजे लेणी तिथे देवी, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"हो तर," मी म्हणाले. "ओटी भरली देवीची."

वहिनींनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "हो का? गर्दी होती का देवीला?"

आणि मी मूर्ख म्हणाले, "फार! अर्धा तास रांगेत उभी होते."

दोन दिवसांत खण, नारळ, नथ, सगळं बिल्डिंगभर सांगून झालं, आणि मग कळलं की तिथे देवीच नाही. त्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये एकही हळदीकुंकू त्या गोष्टीशिवाय पार पडलं नाही. नवीन कोणी राहायला आलं की वहिनी आधी वाण देणार आणि मग माझी अर्ध्या तासाची रांग सांगणार. त्या वाईट मनाने नाही सांगायच्या. पण सांगायच्या फार छान, तेच दुखणं होतं. मीही हट्टी. "गेले होते म्हणजे गेले होते" म्हणून अडून बसले, ती बत्तीस वर्षं. आणि त्या लाजेपायी पुन्हा पार्काच्या गेटात पाऊल टाकलं नाही. फुकट दिवस येत राहिले. कधी माझं डोकं दुखलं, कधी पापड वाळत होते.

यंदा वहिनींनी फ्लॅट विकला. मुलीकडे नाशिकला जायचं, कायमचं. सगळ्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण खरं सांगू? मला भलतीच घाई झाली. ह्या बाई निघून जाणार आणि त्यांच्या डोक्यात मी कायमची त्या रांगेतच उभी राहणार! त्या जायच्या आत मला कान्हेरी चढायची होती, आणि ती त्यांच्यादेखत चढायची होती.

कॉलेजात जाणारी माझी नात फोनवर म्हणाली, "आजी, रविवारी नॅशनल पार्क फ्री आहे. लेणीपण." मी फोन तसाच हातात धरून, अंगावरच्या गाऊनवर समोरची बेल वाजवली.

"वहिनी, रविवारी कान्हेरीला येताय?"

"तुम्ही?" त्यांनी चष्मा वर केला. "अहो, पायऱ्या आहेत तिथे. देवी खाली उतरून येणार नाही दर्शन द्यायला."

"येताय की नाही तेवढं सांगा."

"येते तर! हे बघायला तर येतेच."

रविवारी आम्ही तिघी काशीमिऱ्याहून बस पकडून गेलो. ह्या खेपेला पायात नातीचे जुने बूट, पंजाबी ड्रेस आणि पाठीला सॅक. गेटाच्या आत हिरवळीवर चटयांची नुसती जत्रा भरली होती. एक बाई भरजरी साडी सांभाळत डबे उघडत होती. मला तिला मिठी मारावीशी वाटली.

"इथेच टाकायची का?" वहिनींनी निरागस चेहऱ्याने विचारलं.

"चला पुढे," मी म्हटलं.

पार्काच्या बसने लेण्यांपर्यंत नेलं. पुढे पायऱ्या. मोठ्या चैत्यगृहापाशी पोचलो. बाहेरच्या ओसरीत दोन्ही बाजूंना भिंतीएवढ्या उंच बुद्धमूर्ती. मी मान वर करून बघतच राहिले. इतकी वर्षं मी ह्याच जागेला नथ घालत होते! मी हात जोडले, आणि थोडी माफीही मागितली.

वहिनी एका दगडी कठड्यावर टेकल्या. गुडघे चोळत म्हणाल्या, "माझं इथपर्यंतच. आणि तुम्हीही बसा आता. पाहिलंत की."

वर काळ्या खडकात खोदलेल्या पायऱ्या डोंगरावर चढत गेल्या होत्या, पार दिसेनाशा होईपर्यंत. माझे गुडघेही सत्तरीला टेकलेले. बसले असते तर कोणी काही म्हणालं नसतं. पण पुन्हा पहिली जागा दिसली की बसायचं?

"मी वर जाऊन येते," मी म्हटलं.

"अहो, वेड लागलंय का?"

"कधीचंच."

दहा पायऱ्या चढले की थांबायचं, नातीला हा फोटो काढ, तो काढ म्हणायचं आणि तेवढ्यात श्वास घ्यायचा, अशी माझी पद्धत. ती हुशार आहे, तिला कळत होतं. ती निमूट फोटो काढत होती. वाटेत तीन तरणीताठी पोरं धापा टाकत बसलेली. "बसा बाळांनो, बसा, घाई नका करू," असं प्रेमाने म्हणत मी त्यांच्या शेजारून पुढे गेले. तेवढा आनंद मला नातवंडांच्या बारशालाही झाला नव्हता.

एकेका लेण्यात डोकावत होते. दगडात कोरलेली ओसरी, झोपायला दगडी ओटा, आणि दाराशी पाण्याचं टाकं. प्रत्येकाला आपलं स्वतंत्र टाकं! वरून पावसाचं पाणी आणणारे पन्हळही खडकातच कोरलेले. आमच्या सोसायटीत टँकर आला की बादल्या घेऊन जिना उतरणारी मी, त्या टाक्याशी बराच वेळ उभी राहिले. संसार सोडलेल्या माणसांनी पाण्याची सोय आमच्यापेक्षा चोख केली होती.

आणि मग पायऱ्या संपल्या. वर नुसता खडक आणि वारा. खाली सगळीकडे जंगल, इतकं की हिरव्याला अंत नाही. मध्ये तलावाची चकाकी आणि लांब कडेला धुरकट टॉवर, त्यातलेच कुठले तरी आमच्या बाजूचे. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिले. नात म्हणाली, "आजी, तू किल्ला जिंकल्यासारखी दिसतेयस." मी म्हटलं, "मग काढ की फोटो, बघतेस काय!"

उतरताना नातीचा खांदा धरला होता, पण वहिनी दिसताच तो सोडून मी ताठ चालायला लागले. त्या तिथेच बसल्या होत्या, मान वर करून, माझी वाट बघत. ती वर केलेली मान बघून मला काय झालं कोण जाणे. बत्तीस वर्षं तोंडातून न निघालेलं वाक्य निघालं.

"वहिनी, तेव्हा मी आलेच नव्हते इथे. गेटाजवळ हिरवळीवर झोपले होते."

वहिनी हसतील असं वाटलं होतं. त्या सरकल्या, कठड्यावर माझ्यासाठी जागा केली, पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ते जाऊ दे हो. मी इथून वर कधीच गेले नाही, शाळेची सहल घेऊन यायचे तेव्हाही नाही. बसा, आधी पाणी प्या, आणि मग मला अगदी पहिल्या पायरीपासून सांगा."