एका घरचं एक मत

बाबांच्या हाती माईक दिला की ते भंडाऱ्याला जातात, असं आई म्हणते. उभे असतात भिलाईतच, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, पण बोलणं थेट त्यांच्या आजोबांच्या गावी पोचतं. एकोणिसाव्या शतकात पुण्याकडे सुरू झालेली सत्यशोधक चळवळ पुढे त्या खेड्यातही आली होती. शेतकऱ्याच्या पोराला शाळा हवी, कचेरीत त्याची मान ताठ हवी आणि देव नि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, असं सांगणारी. आजोबांचं लग्न पुरोहिताशिवाय झालं. नवरीनं भर मांडवात विचारलं, मला माझे हक्क देणार का, आणि नवऱ्यानं सगळ्यांदेखत हो म्हटलं. हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की ‘मांडवात’ हा शब्द आला की मी चपला शोधायला लागते.

त्या रविवारच्या सभेतही बाबा हेच बोलले. पण सभेपुढचा विषय वेगळा होता. आई दर रविवारी त्या हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवते. इथल्या स्टील प्लांटमधल्या लोकांची मुलं ही, उंबरा ओलांडला की हिंदी. ‘आजी, आज जल्दी छोड़ोगे ना?’ म्हणतच आत येतात. सुट्टीत गावी गेल्यावर त्यांना चार वाक्यं धड बोलता यावीत, एवढीच आईची हाव. आता कमिटीला रविवारी हॉल लग्नांना भाड्यानं द्यायचा होता. म्हणजे वर्ग बंद. ठराव मांडणारे अध्यक्ष बाबांचे जिवलग मित्र. रोलिंग मिलमध्ये दोघांनी उमेदीची वर्षं एका शिफ्टला काढलेली. बाबांनी त्यांना पाठिंब्याचा शब्द देऊन टाकला होता, आणि आई आठवडाभर बाबांशी कामापुरतंच बोलत होती.

आईला मत नव्हतं. मंडळाचा पहिल्यापासूनचा नियम, प्लांटच्या एका क्वार्टरचं एक मत, आणि ते क्वार्टर ज्याच्या नावावर त्याचं. आम्ही क्वार्टर सोडून हुडको वसाहतीत स्वतःचं घर घेतलं तरी तो नियम पाठ सोडेना. पुरणपोळ्या, रांगोळ्या, हळदीकुंकू बायकांचं. हात वर करायला मात्र बाप्ये. मला याचा इतकी वर्षं संताप येतो आणि इतकी वर्षं मी मागच्या रांगेत बसून नुसती धुमसते.

बाबा टाळ्या घेऊन खाली बसले. ठराव वाचून झाला. विरोधात कोण, असं अध्यक्षांनी विचारलं आणि आईनं हात वर केला.

“वहिनी, हात खाली घ्या. तुमच्या घरचं मत भाऊ देतीन.”

आई उठून उभी राहिली आणि बाबांकडे वळली. “तुमच्या आजीनं मांडवात विचारलं होतं. मी इथं विचारून राहिली. आपल्या घरचं मत आज मले देता का?”

पूर्वजांचे गोडवे गायला काय जातं, निभवायची वेळ आली की घाम फुटतो. बाबांना तो फुटलेला मला दिसत होता. ते गुडघे चोळत बसले. मग उठले आणि मित्राकडे बघत म्हणाले, “नियम मोडत नाई मी. एका घरचं एकच मत. ते आज इचं.”

मित्राला ते फार लागलं. त्यांनी बाबांकडे बघणंच सोडलं. पण मरोदा वस्तीतल्या एका काकूंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं, काकांनी हसत मान हलवली आणि काकूंचा हात वर गेला. मग आणखी काही हात. सगळे नवरे काही ऐकले नाहीत. एक गृहस्थ तर बायकोला घेऊन तरातरा निघून गेले. तरी वर्ग वाचला, अगदी थोडक्यात. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. नियमच बदलायचा ठराव आता पुढच्या सभेत यायचाय, आणि तो मी लिहितेय.

घरी परतताना आई-बाबा पुढे चालत होते, मी मागे.

“मले वाटलं, तुमी नाई म्हणान,” आई म्हणाली.

“मलेबी तसंच वाटलं होतं,” बाबा म्हणाले.